न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांसाठी डेटिंग अ‍ॅप बनवताना काय बदलायला हवं?

तळटीप (धागाकर्ती)

पडद्यावर कोणतं बटण कुठे असावं, कोणती सूचना कधी यावी, हे ठरवणं हे माझं रोजचं काम. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, आठवण ठेवणं जड जातं ते) निदान प्रौढपणी झालं. सध्या आमचा एक छोटा गट ऑटिस्टिक, एडीएचडी, डिस्लेक्सिया, टुरेट अशा न्यूरोडायव्हर्जंट (ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी असते अशा) प्रौढांसाठी मैत्री आणि डेटिंगचं अ‍ॅप आखतोय. गटातले बहुतेक जण स्वतः त्यातलेच आहेत. आराखडा पक्का होण्याआधी तो इथे चाळून घ्यावा म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज बाजूला करते. ऑटिस्टिक माणसांना जोडीदार नकोच असतो, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. जर्मनीतल्या ऑटिस्टिक प्रौढांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७३ टक्के लोकांना प्रेमसंबंधांचा अनुभव होता आणि नातं नकोच म्हणणारे जेमतेम ७ टक्के होते. ओढ आहे, अडतं ते पुढे.

कुठे अडतं, याबद्दल माझं मत ठाम आहे. आजची अ‍ॅप्स सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी न सांगता कळतील असं धरून चालतात. उत्तर आलं नाही म्हणजे नकार, की कामात आहे? ‘बघू कधीतरी’ म्हणजे होकार की टाळाटाळ? मॅच झालं (दोघांनी एकमेकांना पसंत केलं) म्हणजे मी आवडले, की पसंतीसाठी अंगठा सहज उजवीकडे गेला? हे ज्यांना आपसूक उमगतं त्यांना यात काही अडचण आहे हेच दिसत नाही. बाकीच्यांनी मग हे ‘शिकावं’ अशी अपेक्षा असते. माणसाला वळण लावण्यापेक्षा जे अध्याहृत आहे ते पडद्यावर लिहून टाकणं कितीतरी सोपं आहे, आणि ते करायला हवं.

दुसरी अडचण क्रमाची. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचं २०१७ सालचंच एक संशोधन आहे. ऑटिस्टिक माणसांचे अगदी छोटे व्हिडिओ, आवाज, फोटो अनोळखी न्यूरोटिपिकल (यांपैकी काही नसलेल्या) लोकांपुढे ठेवले, तर काही सेकंदांत त्यांचं मत प्रतिकूल झालं, यांच्याशी बोलायची इच्छाही कमी दिसली. पण तीच माणसं जे बोलली होती ते नुसतं लिहून वाचायला दिलं तेव्हा हा फरक उरला नाही. आता टिंडर या डेटिंग अ‍ॅपने २०१२ पासून रुळवलेला क्रम आठवा. आधी फोटो, मग वाटलं तर शब्द. म्हणजे जिथे आपल्याबद्दल सगळ्यात वाईट ग्रह होतो, नेमकी तिथूनच सुरुवात.

म्हणून आमच्या आराखड्यात प्रोफाइल उघडलं की आधी मजकूर दिसतो. त्या माणसाला कशाचा ध्यास आहे, ते त्याच्याच शब्दांत. फोटो दोघांनी हो म्हटल्यावर उघडतात. त्याखाली ‘माझ्याशी कसं बोलावं’ असा एक तक्ता आहे: फोन नको, मेसेज चालेल, उत्तराला दोन-तीन दिवस लागू शकतात, थट्टा असेल तर तसं लिहा, पहिली भेट गोंगाटाच्या जागी नको. आणि संवाद थांबवायचा असेल तर त्यासाठी सरळ एक बटण. ते दाबलं की समोरच्याला स्पष्ट वाक्य जातं: ‘मला हे पुढे न्यायचं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.’

यात काय राहिलंय, काय फसेल, मोकळेपणाने सांगा.

मधला बाक

ऑटिस्टिक आहे, प्रोग्रॅमर आहे. धागा अगदी वेळेवर आला.

संवाद थांबवायच्या बटणाला माझा पूर्ण पाठिंबा. बोलणं सुरू असताना जे होतं तेही सांगतो. मी मेसेज पाठवतो. समोर ‘टाइप करत आहे’ दिसतं. मग ते जातं. परत येतं. परत जातं. मग काहीच नाही. त्या दोन मिनिटांत मी माझाच मेसेज सात तऱ्हांनी वाचून काढलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये निळ्या टिक आणल्या तेव्हा माहिती वाढली खरी, पण वाचलंय आणि उत्तर नाही, याचा अर्थ कोणी सांगितला? अर्धवट माहिती ही माहिती नसण्यापेक्षा जास्त छळते. हे दोन्ही काढून टाका. त्याऐवजी वाचणाऱ्याला एक टिचकीचं उत्तर द्या: ‘वाचलं, नंतर लिहिते’. त्यात अंदाज बांधायला जागाच राहत नाही.

दुसरं, रंगांचे बिल्ले. ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल ही ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेली संस्था. तिचे ऑट्रीट नावाचे मेळावे १९९६ पासून भरायला लागले आणि या बिल्ल्यांची पद्धत तिथे रुळली. हिरवा लावला असेल तर कोणीही येऊन बोला. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी. लाल म्हणजे आत्ता कोणीच नको. हिरव्याचा एक अर्थ मला फार आवडतो: मला बोलायचंय, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. इंटरनेटवर डेटिंग रुळायच्या आधी हे लोकांनी कापड-कागदावर करून दाखवलं. कोणत्याही मोठ्या अ‍ॅपमध्ये नुसता ‘ऑनलाइन’चा हिरवा ठिपका असतो, आणि तो मी आहे एवढंच सांगतो, मला बोलायचंय का हे सांगत नाही.

सांजवेळ

तळमळ पोचली, तरी मला वेगळ्या अ‍ॅपची कल्पनाच पटत नाही. आधीच माणसं कमी, त्यात वय, भाषा, अंतर, पसंती यांच्या चाळण्या लावल्या की प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर प्रोफाइल्स येतील. दोन आठवड्यांत ती संपतील आणि लोक परत जुन्याच अ‍ॅपवर जातील. शिवाय ‘तुमचं तिकडे वेगळं आहे ना’ असं म्हणायला मोठ्या कंपन्या मोकळ्या. वर लिहिलेल्या निम्म्या गोष्टी कोणालाही उपयोगी आहेत. त्या मोठ्या अ‍ॅप्सकडून करून घ्यायला हव्यात.

रेघोट्या

मी न्यूरोटिपिकल, नवरा ऑटिस्टिक. सांजवेळ यांच्या शंकेत तथ्य आहे, पण स्वतःसारख्यांमध्ये असण्याचा जो मोकळेपणा असतो तो मी जवळून पाहिला आहे. नवरा त्याच्या ऑटिस्टिक मित्राशी बोलतो तेव्हा दोघं भिंतीकडे बघत बसलेले असतात, एक जण वीस मिनिटं एकाच विषयावर बोलतो, मग दुसरा वीस मिनिटं. दोघांनाही तो वेळ सुखाचा वाटतो.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली हेच मांडलं होतं. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, दोघंही एकमेकांना समजायला कमी पडतात. पण कमतरतेचं लेबल मात्र एकालाच लागतं. एडिनबरात कॅथरीन क्रॉम्पटन यांच्या चमूने २०२० मध्ये कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. एकाने गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी सगळे न्यूरोटिपिकल असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळली.

अक्षांश

रेघोट्या, त्या प्रयोगाची पुढची पायरीही सांगायला हवी. त्याच संशोधकांनी तीनशेहून जास्त लोकांना घेऊन तो पुन्हा केला, निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्यात माहिती पोचण्यात तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे ‘ऑटिस्टिक माणसाचं ऑटिस्टिक माणसाशीच जमतं’ हे अ‍ॅपच्या अल्गोरिदममध्ये कोरून ठेवू नका. कोणाशी जुळवून द्यायचं हे वापरणाऱ्याला ठरवू द्या. न्यूरोटिपिकल लोकांनाही यायला वाट असावी, ‘माझ्याशी कसं बोलावं’ हा तक्ता त्यांनीही भरावा, एवढी अट ठेवून.

आता माझा खरा मुद्दा. मी डेटा सुरक्षेत काम करतो. प्रोफाइलमध्ये निदानाचा रकाना ठेवणार आहात का? कृपया ठेवू नका. २०१८ मध्ये ग्राइंडर या समलिंगी डेटिंग अ‍ॅपवरची एचआयव्हीविषयीची माहिती बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात असल्याचं नॉर्वेच्या एका संशोधन संस्थेने उघड केलं होतं. लोकांनी ती जोडीदारासाठी लिहिली होती, विश्वासाने. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती खास संरक्षणाच्या वर्गात येते, पण कायदा गळती झाल्यावर कामाला येतो. नोकरी देणारा, विमा कंपनी, घटस्फोटाच्या खटल्यातला वकील, यांच्या हाती ‘या अ‍ॅपचा सदस्य’ एवढंच लागलं तरी पुरे आहे. जे साठवलंच नाही ते फुटत नाही.

आणि निदान विचारून मिळतं काय? दोन एडीएचडी माणसांच्या गरजा अगदी उलट्या असू शकतात. गरज विचारा, नाव विचारू नका. ‘गोंगाट सहन होत नाही’ हे कळलं की त्यामागे काय आहे याने अ‍ॅपला काही फरक पडत नाही. ज्यांना निदान मिळवणं परवडत नाही किंवा ज्यांना ते अजून मिळालेलं नाही, त्यांनाही दार उघडं राहतं.

तळटीप

अक्षांश, निदानाचा रकाना आराखड्यात होता. तुमचं वाचून गटात बोलले, तो काढतोय. ज्याला सांगायचंय तो मजकुरात लिहील.

सांजवेळ, मोठ्या अ‍ॅप्सनी बदलावं हे मलाही हवं आहे. पण आधी कुठेतरी चालतं हे दिसल्याशिवाय ते हलणार नाहीत. ऑटिस्टिक लोकांसाठीचं हिकी अ‍ॅप आलं तेव्हाही वेगळं कशाला, हा प्रश्न होताच. मूठभर प्रोफाइल्सची भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच आम्ही मैत्री आणि डेटिंग एकाच ठिकाणी ठेवतोय. डेटिंगसाठी कोणी नसलं तरी बोलायला माणूस असेल.

मधला बाक

मुदतीबद्दल कोणीच बोललं नाही. बंबल या डेटिंग अ‍ॅपने २४ तासांची मुदत रूढ केली. तेवढ्यात मेसेज गेला नाही तर मॅच गायब. माझ्यासारख्याला पहिलं वाक्य लिहायलाच एक दिवस लागतो. एडीएचडीवाल्याला आठवण होते ती पंचविसाव्या तासाला.

वेबच्या सुगम्यता निकषांत (अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या), म्हणजे डब्ल्यूसीएजीत, २.२.१ क्रमांकाचा निकष नेमका वेळेबद्दल आहे. मुदत लावली तर ती बंद करता यावी, किंवा किमान दहापटीने वाढवता यावी, किंवा संपण्याआधी सूचना मिळून सहज लांबवता यावी. सगळ्यात पायाभूत पातळीचा निकष आहे हा. पण त्याला एक अपवाद आहे: मुदत २० तासांपेक्षा मोठी असेल तर निकष लागू नाही. म्हणजे २४ तासांची मुदत अलगद सुटते. फॉर्म भरायचा असेल तर २० तास खूप झाले हे मान्य. पण अनोळखी माणसाला मन मोकळं करून लिहायचं असेल तर? निकष बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बँकेचं पान होतं, नातं नव्हतं. तेव्हा नुसते निकष पाळून थांबू नका.

कोरी पाटी

माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, तिशीतला. तुमच्या सगळ्यांच्या उत्साहात मला माझी भीती मांडायची आहे. तो बोललेलं शब्दशः घेतो. ‘तूच माझा एकमेव आधार आहेस’ असं कोणी चौथ्या दिवशी लिहिलं की तो ते खरं धरतो. एका बाईने त्याच्याकडून थोडे थोडे करून बरेच पैसे काढले. त्याला फसवणूक कळली ती आम्ही बँकेचे व्यवहार पाहिले तेव्हा. अ‍ॅपकडे तक्रार केली तर तिथले पर्याय होते ‘आक्षेपार्ह मजकूर’, ‘बनावट प्रोफाइल’ आणि ‘इतर’. ती बाई खरीच होती, मजकूरही गोडच होता.

माझी मागणी अशी की घरच्या एका माणसाला त्याचं खातं बघता यावं.

मधला बाक

ताई, तुमच्या भावाबरोबर जे झालं ते वाईट झालं, आणि तुमची काळजी खरी आहे. पण तो तिशीतला आहे. माझं प्रेमाचं बोलणं माझी बहीण वाचतेय हे मला कळलं तर मी ते अ‍ॅप त्याच दिवशी काढून टाकेन, आणि मग जिथे कोणाचंच लक्ष नाही अशा जागी जाईन. फसवणूक न्यूरोटिपिकल लोकांचीही होते, त्यांची खाती आपण बहिणीच्या हातात देत नाही.

कोरी पाटी

हे वाचून राग आला होता. मग भावालाच विचारलं. तो म्हणाला, ‘तू वाचू नकोस. पण मला शंका आली तर मी तुला दाखवीन.’ यावर काही करता येईल का?

तळटीप

येईल, आणि तोडगा तुमच्या भावाने आमच्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगितलाय. घरच्यांना लॉगिन मिळणार नाही, हे पक्कं. पण प्रत्येकाला हवं असल्यास एक भरवशाचा माणूस नेमता येईल: बहीण, मित्र, समुपदेशक, कोणीही. संवादातला एखादा तुकडा निवडून ‘हे कसं वाटतं?’ असं त्याला पाठवता येईल. पाठवायचं की नाही आणि किती, हे खातेदाराच्याच हातात. नेमलेला माणूस कधीही बदलता येईल.

तक्रारीचे पर्याय तर आम्ही नव्यानेच लिहितोय. ‘पैसे मागितले’, ‘दुसऱ्या अ‍ॅपवर यायचा आग्रह धरला’, ‘नाही म्हटल्यावरही विचारत राहिले’, ‘काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाही’. हा शेवटचा पर्याय हवाच, कारण आपल्यातल्या अनेकांना नेमकं काय वाटतंय ते ओळखणंच जड जातं. अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात त्याला, आणि ऑटिस्टिक लोकांत जवळपास निम्म्यांमध्ये ते आढळतं असं एकत्रित अभ्यास सांगतात. ‘आज कसं वाटतंय?’ विचारून पाच चेहऱ्यांतला एक निवडायला लावणारे पडदे आम्ही त्याच कारणाने गाळले. आणि पैसे हा विषय संवादात पहिल्यांदा आला की दोघांनाही दिसेल अशी साध्या भाषेतली एक ओळ: इथे भेट होण्याआधी कोणी पैसे मागितले तर ते देऊ नका.

रेघोट्या

एआयचं काय ठरलंय? समोरच्याच्या मेसेजचा सूर ओळखून ‘ही थट्टा असावी’ असं सांगणारी सोय उपयोगी पडेल असं वाटतं.

अक्षांश

मी विरोधात. एक तर खासगी बोलणं तिसऱ्याकडे जातं. दुसरं, तो अंदाजच असतो, आणि ज्याला स्वतःच्या आकलनावर आधीच भरवसा नाही तो यंत्राचा अंदाज खरा मानून चालतो. सूर ज्याने लिहिलं त्याला ठाऊक आहे. त्यालाच विचारा. मेसेजला ‘गंमत’, ‘गंभीरपणे’, ‘खरंच विचारतेय’ अशी खूण लावायची सोय द्या. ऑनलाइन ऑटिस्टिक गटांत अशा खुणा फार पूर्वीपासून वापरतात. आणि समोरच्याने लावली नसेल तर ‘हे कोणत्या अर्थाने?’ हे विचारायला एक बटण, म्हणजे विचारण्याचा संकोच उरत नाही.

सांजवेळ

मी परत आले, कारण त्या ‘थांबवा’ बटणाने मला झोपू दिलं नाही. मला एडीएचडी आहे. नकार माझ्या अंगावर शब्दशः आदळतो, दिवसच्या दिवस काम सुचत नाही. रिजेक्शन सेन्सिटिव्हिटी म्हणतात ते. निदानाच्या अधिकृत पुस्तकात ते नाही, पण ज्याला होतं त्याला विचारा. मधला बाक यांना स्पष्ट वाक्य हवं आहे, मला तेच वाक्य भर कामाच्या वेळी फोनवर उगवलं तर मी कोसळेन. मला हळूहळू विरून जाणारं बोलणं परवडतं. एकाच अ‍ॅपमध्ये दोघांचं कसं भागवणार?

तळटीप

सांजवेळ, या प्रश्नावर गटात आमची सगळ्यात लांब चर्चा झाली. गटात मी तुमच्याच बाजूला आहे, हेही सांगते.

तोडगा असा निघाला: पाठवणारा स्पष्टच सांगेल, पण ते कसं आणि कधी पोचावं हे घेणारा ठरवेल. खातं उघडतानाच हे विचारलं जाईल. लगेच कळवायचं, की दिवसाच्या ठरावीक वेळी, की मी स्वतः ‘बंद झालेले संवाद’ उघडीन तेव्हाच. तिसरा पर्याय घेतला तर नोटिफिकेशन येत नाही, तो संवाद यादीतून शांतपणे दुसऱ्या कप्प्यात जातो. उत्तर मात्र तिथे असतंच. मधला बाक यांनी मध्यरात्री उघडून पाहिलं तरी त्यांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

नोटिफिकेशनचा असाच झगडा आहे. एडीएचडीवाल्याला आठवण करून दिल्याशिवाय उत्तर जात नाही, आणि ऑटिस्टिक माणसाला तोच आवाज टोचतो. तिथे सुरुवातीला सगळं बंद ठेवायचं आणि हवं ते चालू करायचं, असं ठरवलंय. हलणारी चित्रं, मॅच झाल्यावरची कागदी फुलांची उधळण, यातलं काहीच नाही. फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ हे चालू असेल तर अ‍ॅपने ते आपणहून ओळखलं पाहिजे, हे तर किमान.

मधला बाक

हे मला चालेल. सांजवेळ यांची बाजू माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती.

एक राहिलं. लिंग आणि पसंतीचे रकाने मोकळे ठेवा. २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासात लिंगभावाने वेगळ्या असलेल्या लोकांत ऑटिझमचं प्रमाण इतरांपेक्षा तीन ते सहा पटींनी जास्त दिसलं होतं. दोनच पर्याय ठेवलेत तर आपलीच माणसं दारातून परत जातील. अलैंगिक असूनही जोडीदार हवा असलेले पुष्कळ आहेत, त्यांना आपलं म्हणणं सांगायला जागा हवी.

रेघोट्या

आणि ध्यासावरून जुळवणी करताना जरा जपून. माझ्या नवऱ्याचा ध्यास रेल्वे सिग्नलिंग. आमचं जमलं ते मला सिग्नलमधलं काही कळतं म्हणून नाही. तो सांगत असताना मी मनापासून ऐकते म्हणून जमलं. ‘कोणत्या विषयाचा ध्यास आहे’ याच्याच जोडीला ‘दुसऱ्याचा ध्यास ऐकायला आवडतो का’ हाही प्रश्न ठेवा.

तळटीप

रेघोट्या, हा प्रश्न आजच घालतेय. मधला बाक, लिंगाचा रकाना लिहून भरायचा केलाय, शिवाय रिकामाही ठेवता येतो.

पुढच्या टप्प्यात चाचणीसाठी माणसं हवी आहेत. अमेरिकेत आस्पायर हा संशोधन गट २००६ पासून ऑटिस्टिक लोकांना बरोबरीचे संशोधक म्हणून घेऊन काम करतोय. आम्हालाही त्याच रीतीने जायचंय: चाचणी देणाऱ्याला कामाचा मोबदला, आणि त्याने नको म्हटलेली गोष्ट अ‍ॅपमध्ये ठेवायची असेल तर कारण आम्ही लेखी द्यायचं. कोणाकोणाला यायला आवडेल?

मधला बाक

येईन. व्हिडिओ कॉल नको. प्रश्न आधी लिहून पाठवा.

कोरी पाटी

भावाला विचारलं, तो येतो म्हणाला. मी नसेन बरोबर.

तळटीप

दोघांचंही स्वागत. प्रश्न लेखीच येतील, उत्तराला मुदत नाही. ज्यांना लिहिण्यापेक्षा बोलून सुचतं त्यांच्यासाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवायची सोय ठेवतेय. सांजवेळ, ‘बंद झालेले संवाद’ हा कप्पा तुम्हीच आधी वापरून पाहाल का?

सांजवेळ

पाहीन. त्या कप्प्याला लाल रंग देऊ नका.